मोफत आणि सक्षम : सरकारी खर्चाच्या वकिलाचे काम कोणी तपासायचे?

(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वकील नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकून म्हणून नोकरी करतो. तरीही मोफत कायदेशीर मदतीचा दर्जा हा विषय मी मुद्दाम निवडला, कारण एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासणे हा आमच्या बँकेतला रोजचा व्यवहार आहे. पूर्वी काउंटरवर एकाने व्हाउचर केले की दुसऱ्याची सही झाल्याशिवाय रक्कम हलत नसे. आता कागदाची जागा संगणकाने घेतली, तरी एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती पास करायची हा नियम कायम आहे. पाचशे रुपयांच्या व्यवहाराला दोन माणसांची नजर लागते. मग ज्या कामावर एखाद्या कुटुंबाचे घर, जमीन किंवा पोटगी अवलंबून असते, त्या वकिलाच्या कामावर दुसरी नजर कोणाची असते? हा प्रश्न मी आज आपल्यासमोर ठेवणार आहे.

आधी आपला त्याच्याशी संबंध काय ते सांगतो. १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ हा अनुच्छेद आला. आर्थिक किंवा अन्य दुर्बलतेमुळे कोणाही नागरिकाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, म्हणून राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी, असे त्यात सांगितले आहे. त्यानुसार १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि ९ नोव्हेंबर १९९५ पासून तो अमलात आला. या कायद्याच्या १२ व्या कलमात मदतीस पात्र असलेल्यांची यादी आहे. त्या यादीत पहिलाच उल्लेख अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींचा आहे. पुढे स्त्रिया आणि मुले, अपंग, वेठबिगारीचे बळी, जातीय अत्याचार किंवा मोठ्या आपत्तीत सापडलेले, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती असे वर्ग येतात. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाची मर्यादा आहे ती यादीत शेवटी येणाऱ्या इतर नागरिकांना. अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही लागू झाल्या, हे आपण जाणतोच. म्हणजे या सभागृहात बसलेले बहुतेक सर्वजण, पगार कितीही असो, या मदतीस पात्र आहेत. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य असले म्हणजे झाले. ही साधी गोष्ट आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते.

आता या कायद्याच्या अगदी सुरुवातीच्या वाक्याकडे आपले लक्ष वेधतो. दुर्बल घटकांना 'मोफत आणि सक्षम' कायदेशीर सेवा देण्यासाठी हा कायदा आहे, असा त्याचा आशय आहे. यातला 'मोफत' हा शब्द तपासणे सोपे आहे. पैसे घेतले की नाही, एवढेच पाहायचे. 'सक्षम' हा शब्द मात्र कसा तपासणार? फुकट ते पौष्टिक असे आपण थट्टेने म्हणतो, पण वकिलाच्या बाबतीत आपली माणसे उलट बोलतात. सरकारी वकील मिळाला म्हणजे केस गेलीच, असे गावात सर्रास ऐकू येते. हे बोलणे प्रत्येक वेळी खरे असते असे मुळीच नाही. पॅनेलवर मनापासून काम करणारे वकील आहेत. पण बोलणे खरे की खोटे हे ठरवायचे साधनच आपल्याजवळ नाही, ही खरी अडचण आहे.

या प्रश्नाशी इंग्लंडमधील लोक गेली तीस-पस्तीस वर्षे झगडत आहेत. त्यांनी काय केले, कुठे यश आले, कुठे अडले, हे समजून घेणे आपल्याला उपयोगी पडेल असे मला वाटते.

इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने कायदेशीर मदत देणारा पहिला मोठा कायदा १९४९ साली झाला. योगायोग असा, की त्याच १९४९ साली मुंबई सरकारनेही न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर समिती नेमली होती. त्यांनी कायदा राबवायला घेतला. आपल्याकडे मात्र देशव्यापी कायदा प्रत्यक्ष अमलात यायला आणखी ४६ वर्षे गेली.

त्यांची पद्धत थोडक्यात अशी. गरजू माणूस सॉलिसिटरकडे जातो. सॉलिसिटर म्हणजे अशिलाला भेटणारा, कागद जमवणारा, फाइल सांभाळणारा वकील. अशिलाचे उत्पन्न आणि प्रकरणातील तथ्य या दोन कसोट्या पार पडल्या की वकिलाची फी सरकार देते. सुरुवातीची कित्येक वर्षे ही योजना वकिलांची संस्था असलेली लॉ सोसायटीच चालवत असे. त्या काळी दर्जाचा वेगळा विचार झाला नाही. माणूस परीक्षा पास होऊन सॉलिसिटर झाला, म्हणजे त्याचे काम चांगलेच असणार, हे गृहीत होते. १९८९ पासून योजनेचा कारभार लीगल एड बोर्डाकडे आला. खर्च वाढत होता. त्यामुळे प्रश्न निघाला की आपण जे विकत घेतो आहोत, त्याचा कस काय?

१९९४ साली बोर्डाने फ्रँचायझी पद्धत आणली. ज्या वकिली कचेऱ्या काही अटी पाळतील त्यांना मान्यता द्यायची. अटी दोन प्रकारच्या होत्या. एक, कचेरीचा कारभार नीट असणे, म्हणजे तारखांची नोंदवही, फायलींची मांडणी, कनिष्ठांवर देखरेख वगैरे. दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा होता. अशा प्रकारच्या प्रकरणात फायलीत काय काय दिसायला हवे, याच्या लांबलचक याद्या तयार केल्या गेल्या. अशिलाचे म्हणणे टिपून घेतले का? प्रतिपक्षाचे नाव-पत्ता घेतला का? सल्ला लेखी कळवला का? या याद्या ॲव्ह्रम शेर, रिचर्ड मूरहेड आणि ॲलन पॅटरसन या कायद्याच्या अभ्यासकांनी तयार केल्या होत्या. त्या घेऊन बोर्डाचे तपासनीस कचेरीत जात आणि एकेक मुद्दा फायलीत आहे की नाही ते पाहत. तपासनीस स्वतः वकील असण्याची गरज नव्हती.

ही सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. पण तिच्यात एक उणीव राहिली. ती बँकवाल्याला चटकन समजते. कर्जाच्या फायलीत अर्ज आहे, उत्पन्नाचा दाखला आहे, जामीनदाराची सही आहे, तारण आहे. यादीप्रमाणे सगळे बरोबर. तरीही ते कर्ज बुडीत निघू शकते, कारण देणाऱ्याने धंदा चालेल की नाही याचा विचारच केला नव्हता. कागद पुरे असणे आणि निर्णय शहाणपणाचा असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. यादी घेऊन येणारा तपासनीस सल्ल्याचे पत्र गेले का, हे सांगू शकतो. पत्रातला सल्ला बरोबर होता का, हे त्याला सांगता येत नाही.

एक उदाहरण देतो. इंग्लंडच्या १९८८ च्या हाऊसिंग ॲक्टात भाडे थकल्याबद्दल घर खाली करून घेण्याची एक कडक तरतूद होती. १९९६ च्या दुरुस्तीनंतर अनेक वर्षे ती अशी राहिली : मासिक भाडे देणाऱ्या भाडेकरूची थकबाकी नोटिशीच्या दिवशी दोन महिन्यांची असेल आणि सुनावणीच्या दिवशीही तेवढी असेल, तर न्यायाधीशाला घराचा ताबा मालकाला द्यावाच लागे. दया दाखवायला जागाच नव्हती. (२०२५ च्या नव्या कायद्याने ही मर्यादा तीन महिन्यांवर नेली आहे.) आता कल्पना करा, एका भाडेकरूची थकबाकी दोन महिन्यांच्या थोडी वर आहे. सरकारकडून मिळणारा घरभाड्याचा भत्ता अडकल्याने ती झाली आहे. पहिला वकील अशिलाशी गोड बोलतो, मालकाला तीन सभ्य पत्रे लिहितो, प्रत्येक पत्राची प्रत अशिलाला पाठवतो. फाइल जाडजूड होते. दुसरा वकील कायदा जाणतो. सुनावणीपूर्वी थकबाकी दोन महिन्यांच्या खाली आणली, तर न्यायाधीशाचे हात मोकळे होतात, हे त्याला माहीत आहे. तो भत्त्याच्या कार्यालयामागे लागतो, अशिलाला काही रक्कम लगेच भरायला सांगतो आणि सुनावणीच्या दिवशी पावती घेऊन उभा राहतो. पहिल्याची फाइल यादीच्या तपासणीत पास होईल. कदाचित दुसऱ्यापेक्षा जास्त गुण मिळवील. पण पहिल्याचा अशील मुलाबाळांसह रस्त्यावर येईल आणि दुसऱ्याचा घरात राहील.

हा फरक ओळखणार कोण? घरभाड्याच्या खटल्यांत ज्याचे केस पांढरे झाले, असा तिसरा वकीलच.

कोणी म्हणेल, अशिलालाच विचारा की. तेही करून पाहिले गेले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंत्राट पद्धतीचा एक प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. त्याचा अभ्यास मूरहेड, शेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २००१ साली अहवाल प्रसिद्ध झाला. या अभ्यासात दर्जा अनेक बाजूंनी मोजला गेला. अशिलांचे मत घेतले, निकाल पाहिले, खोटे अशील पाठवून सल्ला कसा मिळतो ते पाहिले आणि त्या त्या विषयातील जाणकारांकडून फायली वाचून घेतल्या. त्यातून दिसले, की आपले म्हणणे ऐकून घेतले का, वेळोवेळी कळवले का, वागणूक बरी होती का, हे अशील चांगले सांगू शकतो. परंतु सल्ला कायद्याच्या दृष्टीने बरोबर होता का, हे त्याच्या समाधानावरून कळत नाही. डॉक्टर हसतमुख आहे म्हणून औषध बरोबर दिले असे ठरत नाही, तसेच हे.

त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघाली, ती विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सामाजिक संस्थांमधून काम करणारे, वकिलीची पदवी नसलेले, पण भत्ते, कर्ज, घर अशा एकेका विषयात मुरलेले सल्लागार होते. ते वेळ जास्त घेत, पण त्यांच्या कामाचा दर्जा सर्वसाधारणपणे खासगी सॉलिसिटरांपेक्षा सरस आढळला. नुसती पदवी म्हणजे दर्जाची हमी नव्हे आणि एका विषयात खोल उतरलेल्या माणसाला तोड नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

या अनुभवातून पुढे जी पद्धत उभी राहिली तिला ते 'पीअर रिव्ह्यू' म्हणतात. आपण 'सहव्यावसायिकांचे परीक्षण' म्हणू. २००० साली लीगल एड बोर्डाच्या जागी लीगल सर्व्हिसेस कमिशन आले. त्याने लंडन विद्यापीठातील इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड लीगल स्टडीज या संस्थेच्या साहाय्याने ही पद्धत बांधली. प्राध्यापक शेर यांचा त्यात मोठा वाटा आहे. पद्धत अशी, की त्या विषयात प्रत्यक्ष वकिली करणाऱ्या अनुभवी व्यक्तींची परीक्षक म्हणून निवड करायची आणि त्यांना प्रशिक्षण द्यायचे. कचेरीने स्वतः निवडलेल्या फायली घ्यायच्या नाहीत, नमुना म्हणून सरसकट यादीतून काढायच्या. परीक्षक त्या फायली पहिल्या पानापासून वाचतो. अशिलाला नेमके काय हवे होते ते समजून घेतले का? आवश्यक माहिती आणि पुरावा जमवला का? सल्ला बरोबर, पुरेसा आणि वेळेत दिला का? त्याप्रमाणे पुढे काम केले का? तज्ज्ञांचा अहवाल गरज असताना मागवला का, आणि गरज नसताना सरकारी पैसा उधळला तर नाही ना? असे प्रश्न तो स्वतःला विचारतो आणि मग संपूर्ण कचेरीला पाचांपैकी एक श्रेणी देतो. पहिली उत्कृष्ट, दुसरी सक्षमतेच्या वरची, तिसरी किमान सक्षमतेची, चौथी सक्षमतेच्या खालची आणि पाचवी सरळ सरळ अपयशाची. सरकारी काम करायचे तर निदान तिसरी श्रेणी हवी.

सहव्यावसायिक तपासणार म्हटले की आपल्या मनात लगेच शंका येते. एका माळेचे मणी एकमेकांना सांभाळून घेणार नाहीत कशावरून? किंवा उलट, शेजारच्या प्रतिस्पर्ध्याचा काटा काढणार नाहीत कशावरून? ही शंका त्यांनाही आली. म्हणून ज्याचे हितसंबंध गुंतलेले असतील असा परीक्षक दिला जात नाही. काही फायली दुसऱ्या परीक्षकाकडूनही तपासून घेतात आणि दोघांच्या गुणांत किती तफावत पडते ते पाहतात. परीक्षक वेळोवेळी एकत्र बसून मोजपट्टी जुळवतात. श्रेणीसोबत लेखी कारणे द्यावी लागतात. कचेरीला निकाल मान्य नसेल तर आपले म्हणणे मांडता येते. श्रेणी खालची असली तर सुधारण्याची संधी देऊन काही महिन्यांनी पुन्हा परीक्षण होते आणि तरीही सुधारणा नसेल, किंवा काम मुळातच अगदी वाईट असेल, तर कंत्राट जाऊ शकते.

मला या पद्धतीतील सर्वांत मोलाची वाटते ती आणखी वेगळीच गोष्ट. अनेक कचेऱ्यांच्या फायली वाचून परीक्षकांना ज्या चुका वारंवार दिसल्या, त्या विषयवार गोळा करून मार्गदर्शक पुस्तिका काढण्यात आल्या. घर, कर्ज, कुटुंब, स्थलांतर, मानसिक आरोग्य अशा एकेका विषयात कुठे पाय घसरतो आणि चांगले काम कसे दिसते, हे त्यात सोप्या शब्दांत सांगितले गेले. तपासणीचा उद्देश केवळ दोषीला पकडणे एवढाच ठेवला तर माणसे फायली लपवू लागतात. त्यातून शिकायला मिळते असे दिसले, तर तीच माणसे फायली पुढे करतात. बँकेच्या इन्स्पेक्शनचाही अनुभव याहून वेगळा नाही.

शेजारच्या स्कॉटलंडची पद्धत किंचित निराळी आहे. तिथे दिवाणी मदतीचे काम करणाऱ्या सर्वच कचेऱ्यांचे परीक्षण पाळीपाळीने होते, संशय आला म्हणून नव्हे. त्यामुळे त्यात अपमान वाटण्याचे कारण राहत नाही. निकालावर विचार करणाऱ्या समितीत वकिलांबरोबर वकील नसलेले सामान्य नागरिकही बसतात. आपल्यासारख्या संस्थांनी ही बाब टिपून ठेवावी अशी आहे.

आता या पद्धतीच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली मर्यादा अशी, की परीक्षक वाचतो तो कागद. जे काम केले पण लिहिले नाही ते त्याला दिसत नाही. उलट, जे नीट केले नाही पण सुरेख लिहून ठेवले ते काही वेळा खपून जाते. दुसरी मर्यादा खर्चाची. अनुभवी वकिलाचा दिवस महाग असतो आणि तो परीक्षणात घालवला तर अशिलासाठी राहत नाही.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे. जो माणूस कचेरीच्या दारापर्यंत पोचलाच नाही, त्याची फाइल नसते. जिची फाइल नाही ती तपासणार कशी? इंग्लंडमध्ये २०१२ साली एक कायदा झाला आणि एप्रिल २०१३ पासून दिवाणी मदतीची व्याप्ती एकदम आखडली. नवरा-बायकोतील बहुतेक खासगी तंटे, नोकरीविषयक बहुतेक प्रकरणे, सरकारी भत्त्यांचे बहुतेक सल्ले योजनेबाहेर गेले. कौटुंबिक अत्याचाराचा पुरावा असेल तर मात्र कुटुंबविषयक मदत मिळत राहिली. वकिलांना मिळणारे दिवाणी मदतीचे दर १९९६ नंतर वर्षानुवर्षे वाढले नव्हते, आणि २०११ साली तर ते १० टक्क्यांनी कापले गेले. परिणामी अनेक कचेऱ्यांनी हे काम सोडले. ज्या भागात एका विशिष्ट विषयाचा एकही मदत-वकील उरला नाही, अशा भागांना तिकडचे लोक सल्ल्याचे वाळवंट म्हणू लागले. यातून एक धडा मिळतो. दर्जाची मोजपट्टी कितीही उत्तम असली तरी जो कसाबसा दाम देतो त्याने उत्तम कामाची अपेक्षा किती काळ करावी? मोजपट्टी आणि मोबदला ही एकाच गाडीची दोन चाके आहेत.

आता आपल्याकडे वळू. आपल्या राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१० साली 'मोफत आणि सक्षम विधी सेवा' याच नावाचे विनियम केले. पॅनेलवर येण्यासाठी वकिलाला निदान तीन वर्षांचा अनुभव हवा, त्याने अशिलाकडून फी मागू किंवा घेऊ नये आणि दिलेल्या प्रकरणांवर देखरेख करण्यासाठी समिती असावी, अशा तरतुदी त्यात आहेत. ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु या देखरेखीचा भर प्रकरण कुठवर आले यावर आहे. पुढची तारीख कोणती, दावा दाखल झाला का, निकाल लागला का, हे त्यातून कळते. दाव्यातील मागणी बरोबर मांडली होती का, महत्त्वाचा दस्त दाखल करायचा राहिला का, हे कळण्यासाठी त्याच विषयातील जाणत्या वकिलाने संपलेली फाइल शांतपणे वाचावी लागते. तो टप्पा आपल्याला अजून गाठायचा आहे.

यात पणाला काय लागलेले असते? आपल्या समाजातील दिवाणी प्रकरणे डोळ्यांसमोर आणा. वतनाच्या जमिनीचा जुना गुंता, सातबारावर न लागलेले वारसाचे नाव, वडिलांच्या मृत्यूनंतर अडकलेली रक्कम, टाकून दिलेल्या बाईची पोटगी, चाळीतल्या खोलीचा ताबा. अशा प्रकरणांत वाईट काम आरडाओरडा करून येत नाही. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला साधारणपणे तीस दिवसांची मुदत असते. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला तीस दिवस आणि उच्च न्यायालयात नव्वद दिवस. वकिलाने अर्ज उद्यावर ढकलला आणि मुदत उलटली, तर उशीर माफ करा म्हणून न्यायालयाची विनवणी करावी लागते. न्यायालयाने ती मानली नाही तर पिढ्यानपिढ्यांची जमीन जाते. घरच्यांना वाटते नशीब खोटे. लोक अदालतीत तडजोड केली तर त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून सही करण्यापूर्वी मिळालेला सल्ला चांगला होता की नाही, यावर सारे अवलंबून राहते. श्रीमंत माणसाला वकील पटला नाही तर तो दुसरा करतो, दुसऱ्याला पहिल्याची फाइल दाखवतो. हेच तर सहव्यावसायिकांचे परीक्षण! ते त्याला पैशाच्या बळावर मिळते. गरिबाला ते मिळायचे असेल तर व्यवस्थेनेच दिले पाहिजे.

शेवटी आपल्या संस्थेला करता येण्यासारख्या काही गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट माहितीची. १२ व्या कलमाखालील पात्रता, तालुका आणि जिल्हा विधी सेवा कार्यालयाचा पत्ता आणि १५१०० हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक आपल्या प्रत्येक विहाराच्या फलकावर लावावा.

दुसरी गोष्ट सवयीची. मदत घेणाऱ्या प्रत्येक सभासदाने एक साधी वही ठेवावी. वकिलाला कधी भेटलो, त्यांनी काय सांगितले, कोणता कागद दिला, पुढची तारीख कोणती, हे त्यात लिहावे. दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स स्वतःजवळ ठेवावी. निकालाची प्रत मिळाली की अपिलाची मुदत कधी संपते हे त्याच दिवशी विचारून लिहून घ्यावे. आपले काम होत नाही असे वाटले तर घरात कुढत न बसता विधी सेवा कार्यालयाला लेखी कळवावे आणि वकील बदलून मागावा. तक्रार करताना भाषा सभ्य आणि तारखा पक्क्या असाव्यात.

तिसरी गोष्ट आपल्यातील वकील बंधू-भगिनींसाठी आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी. तीन महिन्यांतून एकदा, अशिलाची लेखी परवानगी घेऊन आणि नावे झाकून, संपलेल्या दोन-तीन फायली एकत्र बसून वाचाव्यात. कोणाला नापास करायचे नाही. पुढच्या वेळी हेच प्रकरण आले तर काय वेगळे करता येईल, एवढाच प्रश्न विचारायचा. वर्षाअखेर त्यातून निघालेले मुद्दे आठ-दहा पानांत छापले, तर तीच आपली पहिली मार्गदर्शक पुस्तिका होईल. याला सरकारी आदेशाची वाट पाहण्याची गरज नाही. तालुक्यातील एका ज्येष्ठ वकिलाने आणि संस्थेच्या दोन कार्यकर्त्यांनी मनावर घेतले तरी पुरे.

आणि चौथी गोष्ट मागणीची. विधी सेवा प्राधिकरणाने असे परीक्षण स्वतः सुरू करावे, त्यात सामान्य नागरिकांचा प्रतिनिधी असावा आणि त्याबरोबर पॅनेलच्या वकिलाची फी वेळेवर व योग्य मिळावी, अशी मागणी आपल्यासारख्या संस्थांनी निवेदनाद्वारे करावी. वकिलांविरुद्धची म्हणून ही मागणी कोणी समजू नये. चांगले काम करणाऱ्या वकिलाला आज शाबासकीही मिळत नाही, कारण त्याची फाइल कोणी वाचतच नाही.

मित्रहो, 'मोफत' हा शब्द आपल्याला कायद्याने मिळाला आहे. 'सक्षम' हा शब्द त्याच वाक्यात, त्याच्या शेजारीच छापलेला आहे. पहिला आपण घेतला. दुसरा मागून, तपासून, वेळ पडल्यास स्वतः राबून घ्यावा लागेल.